समदे एकदम बोला

आमच्याकडे रोज सकाळी आठला मीटिंग असते आणि तिचा नियम एकच: एका वेळी एकाने बोलायचं नाही. हा नियम मायाप्पा पुकळे यांनी केला. कुपवाडला आमचं बेदाणा साठवायचं शीतगृह आहे, आणि तिथली प्रत्येक मोटर, पंखा आणि वायर पुकळ्यांच्या हाताखालून गेलेली आहे. कागदोपत्री ते मेंटेनन्सचे प्रमुख, सगळ्यांच्या तोंडी पुकळेमामा. मीटिंगला ते मधल्या खुर्चीत बसतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हं. समदे एकदम बोला."

मग लोडिंगचा मुकादम ट्रॉलीच्या चाकाबद्दल सांगतो, वॉचमन गेटवरच्या दिव्याबद्दल, कॅन्टीनच्या सुमनताई पाण्याच्या टाकीबद्दल आणि मी माझ्या खोलीतल्या पंख्याबद्दल. सगळं एकाच वेळी, एकमेकांच्या वर आवाज चढवून. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथे मारामारी लागली. दोन मिनिटांत मामा डोळे उघडतात, बोट नाचवत एकेकाला उत्तर देतात आणि टोपी डोक्यावर चढवतात. मीटिंग संपली.

मी नवीन होते तेव्हा मला हे सोंग वाटायचं. म्हणून एकदा त्या गलबल्यात मी अगदी हळू पुटपुटले, "मामांनी आज शर्ट उलटा घातलाय." मामांनी चाकाचं उत्तर दिलं, दिव्याचं दिलं, टाकीचं दिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, शर्ट उलटाच हाय. सुलट्या अंगाला ऑइल सांडलंय. आन् तुमचा पंखा दुपारच्याला बगतो." त्यानंतर मी त्यांची परीक्षा घ्यायच्या भानगडीत पडले नाही.

मामा मूळचे आटपाडीकडचे, दुष्काळी भागातले. वाडवडील मेंढरं राखणारे. घरातला डिप्लोमा झालेला पहिला माणूस म्हणजे मामा, आणि ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगतातच. नम्रपणा त्यांच्या वाटणीला आलेला नाही. "हितल्या मशिनी माज्या आवाजाला वळकत्यात," असं ते पाहुण्यांसमोर बेधडक सांगतात. एखादी मशीन त्या वेळी बंद असली तर "लाजली" म्हणतात.

एकामागून एक ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. डबा उघडला की भाकरी, पिठलं, दही, ठेचा सगळं एकत्र कालवून खातात. सणाला पुरणपोळी असली तर तीही त्यातच जाते. सुमनताईंनी एकदा नाक मुरडलं, तर म्हणाले, "पोटात काय येगयेगळ्या खोल्या हायत व्हय?" मुलीच्या लग्नात तर त्यांनी पंगतीला चारी बाजूंनी वाढपी सोडले होते. भात, आमटी, जिलेबी आणि मठ्ठा एकाच क्षणी पानावर येऊन धडकले. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार पाहुणे मिशीवरची आमटी पुसत म्हणाले, "मायाप्पा, ही पंगत हाय का चढाई?" मामांनी त्यांना घड्याळ दाखवलं. "पंगत उठली किती येळात, ते बगा की पावनं." हा किस्सा मला मुकादमाने सांगितला. तो त्या पंगतीत होता आणि त्याला जिलेबी मिळाली नव्हती.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. मी इथली कॉम्प्युटरची मॅडम. आष्ट्याहून रोज स्कुटीवर येते. माझा स्वभाव मामांच्या बरोबर उलटा. मला रांग आवडते. रांगेत कुणी मध्ये घुसलं तर मी भांडते, आणि चांगली भांडते. माझ्या स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उंचीप्रमाणे उभे असतात. असा माणूस प्रोग्राम लिहायला बसला तर कसा लिहील, ते सांगायला नको.

आमच्या प्रत्येक खोलीत दोन-तीन सेन्सर बसवलेत. सेन्सर म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. आतली थंडी आणि दमटपणा मोजतो आणि वायफायवरून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवतो. पण विचारल्याशिवाय सांगत नाही. ते विचारायचं काम माझा प्रोग्राम करायचा. पहिल्या सेन्सरला विचार, उत्तर येईपर्यंत थांब, लिहून घे, मग दुसऱ्याला विचार. शाळेतल्या हजेरीसारखं. मामांनी त्याचं नाव 'हजेरीमास्तर' ठेवलं होतं, आणि ते नाव कौतुकाचं नव्हतं.

शीतगृहाच्या भिंती जाड, वरून पत्र्याच्या. त्यातून उत्तर यायला वेळ लागतो. काही सेन्सर चटकन बोलायचे, काही आळोखेपिळोखे देत, आणि दोन-तीन तर तोंडाला कुलूप लावून बसायचे. माझा मास्तर शिस्तीचा. गप्प बसलेल्याला तो पुन्हा पुन्हा विचारायचा आणि तेवढा वेळ मागची सगळी रांग ताटकळायची. पूर्ण हजेरी संपायला अर्धा तास जायचा, कधी त्याहून जास्त. तरी मी म्हणायचे, उशीर झाला तरी चालेल, काम क्रमाने झालं पाहिजे.

ऐन एप्रिलमध्ये त्या क्रमाने आम्हाला हिसका दाखवला. एका खोलीचं दार हमालांच्या हातून अर्धवट उघडं राहिलं. आत गरम हवा शिरत होती आणि माझा मास्तर त्या वेळी भलत्याच खोलीतल्या मुक्या सेन्सरसमोर उत्तराची वाट बघत उभा. मुकादम सहज तिकडून गेला म्हणून दार दिसलं आणि माल वाचला. नाहीतर हिरवा बेदाणा तांबूस पडला असता, आणि एकदा उतरलेला रंग काही परत चढत नाही.

आमचे मालक अण्णा स्वभावाने चांगले, पण भेदरट. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर केलं, "यंत्राचा काही भरवसा नाही. पुढच्या महिन्यापासून पुकळेमामा दुसऱ्या पाळीत. रात्रीपर्यंत थांबायचं, थर्मामीटर घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचं. म्हणजे माझ्या जिवाला घोर नको."

इथे मामांची आणखी एक सवय सांगायला हवी. संध्याकाळी साडेपाच म्हणजे साडेपाच. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांची पिशवी खांद्याला लागते आणि साडेपाचला त्यांची मोटारसायकल गेटबाहेर असते. कॉम्प्रेसर बिघडला तर दुपारच्या जेवणाला न उठता, दोघांचं काम एकटे करून ते तो साडेपाचच्या आत चालू करतात, पण थांबत नाहीत. कुठे जातात, याबद्दल आमच्यात मतभेद होते. मुकादम म्हणायचा, पत्ते. वॉचमन म्हणायचा, भजनी मंडळ. सुमनताई इकडेतिकडे बघून आवाज खाली करायच्या आणि म्हणायच्या, "दुसरं घर असंल." मामांना विचारलं तर ते म्हणत, "घरी जातो. मालकीण वाट बघती." यावर अर्थात कुणाचाच विश्वास नव्हता. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस इतक्या घाईने घरी जात नाही, असं आमच्याकडच्या सगळ्या विवाहितांचं मत होतं.

तर अण्णांचं बोलणं ऐकून मामा म्हणाले, "न्हाई जमायचं, अण्णा."

"का?"

"साडेपाचनंतर मी न्हाई."

"अहो, पण तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

"कोन बी बगा. मी न्हाई."

अण्णांनाही मालकपणा आठवला. "मग दुसरा माणूसच बघावा लागेल, मामा. पाळी करणार नसाल तर नोकरी कशी चालेल?"

ज्या माणसाने इथला पहिला पंखा फिरवला, त्याला आज ही भाषा. मला वाटलं, आता मामा कडाडतील. पण ते शांतपणे टोपी नीट करत म्हणाले, "त्यो परदेशात माल धाडणाऱ्या व्यापाऱ्याचा मानूस तपासनीला येनार हाय न्हवं? तेच्या म्होरं समद्या खोल्यांची हजेरी एका मिनटात घिऊन दावतो. मग फेरी मारायला मानूसच लागनार न्हाई. न्हाई दावली, तर किल्ल्या तुमच्या टेबलावर ठिवून जातो."

आणि तिथून ते सरळ माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, हजेरीमास्तरला सुट्टी द्या."

मला राग आला. एक तर तो प्रोग्राम माझा होता, दुसरं म्हणजे पैज त्यांनी लावली होती आणि घाम मला गाळायचा होता. तरी मी म्हटलं, "सोपं आहे मामा. गप्प बसणाऱ्यांसाठी आपण फार थांबतो. दोन सेकंदांत बोलला नाही तर बंद म्हणून लिहायचं आणि पुढे जायचं. हजेरी पटकन उरकेल."

मामांचा चेहरा बदलला. "बंद कुनी सांगितलं? गप हाय म्हंजी मेलं का? त्याला बोलायला येळ लागतो. थांबायचं."

"किती?"

"आत्ता थांबता त्याच्या दुप्पट."

मी हातातलं पेन ठेवलं. "मामा, घाई पण तुम्हालाच आणि थांबायचं पण तुम्हालाच?"

"व्हय. दोन्ही."

"दोन्ही कसं होईल?"

मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "उद्या सकाळच्याला घरीच थांबा. मी येतो तिकडं. थोरल्या भावाची मेंढरं तुमच्या आष्ट्यातच बसल्यात."

दरवर्षी दुष्काळी भागातली मेंढरं उसाच्या पट्ट्यात उतरतात. ऊस तुटून गेलेल्या रानात कळप बसवतात. शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढरांना चारा. लहानपणापासून मी हे बघत आले होते, पण लांबून, नाक दाबून. दुसऱ्या दिवशी मी प्रथमच त्या रानात उतरले. दिवस नुकता वर आला होता. एका बाजूला वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, आणि त्यात शे-सव्वाशे कोकरं. दुसऱ्या बाजूला त्यांच्या आया. दोन्हीकडून जो ओरडा चालला होता, त्यापुढे आमची आठची मीटिंग म्हणजे मौनव्रत.

"आता सांगा," मामा माझ्या कानाशी ओरडले, "कंच्या कोकराची कंची आई?"

मला सगळी कोकरं सारखीच दिसत होती. "एकेक उचलून आईपाशी न्यायचं म्हटलं तर दुपार होईल," मी म्हणाले.

"तुमचा मास्तर असता तर झालीच असती."

मामांचे थोरले भाऊ पुढे झाले आणि वाघर भराभर उचलत गेले. कोकरं सुटली. पायांतून, अंगावरून, एकमेकांवरून उड्या मारत ती आयांच्या कळपात घुसली. धुरळा उडाला. आता याचा निकाल लागणार कसा, अशा विचारात मी उभी, तोवर आवाज कमी होऊ लागला. चुलीवर ठेवलेल्या चहाला उकळी फुटायच्या आत रान शांत झालं होतं. प्रत्येक कोकरू आपापल्या आईच्या कासेला लागलं होतं आणि शेपट्या हलत होत्या. कुणीच कुणाची वाट अडवली नव्हती. एक पांढरं कोकरू तेवढं रेंगाळत होतं, चार ठिकाणी वास घेत हिंडत होतं. त्याच्यासाठी कुणाचंही दूध थांबलं नव्हतं आणि त्यालाही कुणी हाकललं नव्हतं. थोड्या वेळाने त्यालाही आई सापडली.

"आलं ध्यानात?" मामा म्हणाले. ते अशा थाटात उभे होते की जणू मेंढीला दूध येणं हा त्यांचाच शोध.

माझ्या ध्यानात आलं होतं. सगळ्यांना एकदम विचारायचं. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो उत्तर देईल. मुक्याची वाट हवी तेवढी बघा, रांगच नाही म्हटल्यावर त्याच्यामागे कोण अडणार? पण माझ्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली होती. भावाने वाघर एकाच जागी उचलली नव्हती, चार-पाच ठिकाणी उचलली होती. हे मी मामांना सांगायला गेले, पण विजयी माणसाला ऐकू येत नाही. शंभर माणसांचं एकदम ऐकणारे मामा त्या दिवशी माझं एकटीचं ऐकायला तयार नव्हते. "एकदम म्हंजी एकदम," म्हणाले.

मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, होऊन जाऊ दे. मी प्रोग्राम बदलला, मामांनी छाती पुढे काढली आणि मी बटण दाबलं. सगळ्या सेन्सरांना एकाच क्षणी प्रश्न गेला, सगळे एकाच क्षणी बोलायला उठले आणि त्या कल्लोळाने आमच्या वायफायच्या डब्याने मान टाकली. पडद्यावर सगळ्या खोल्या लाल. छतावरचा भोंगा वाजू लागला. हमाल पोती टाकून गेटकडे पळाले. अण्णा हातातला नॅपकिन फडकावत आले, "आग लागली का? कुठे लागली?" मुकादमाने पाण्याची बादली माझ्या कॉम्प्युटरवर ओतायला उचलली होती, ती सुमनताईंनी धरून ठेवली म्हणून ही गोष्ट पुढे सरकली.

भोंगा बंद झाल्यावर मामा पडद्याशी वाकले. मग म्हणाले, "वाघर एकाच जागी उचलली आपण."

"मी तेच सांगत होते."

"मग जोरात सांगायचं न्हाई व्हय?"

दुसऱ्या प्रयत्नाला मी आठ दारं केली. एका वेळी आठच सेन्सरांशी बोलायचं. एकाचं उत्तर आलं की त्याच्या जागी पुढचा. एखादा मुका निघाला तर तो एक दार धरून बसेल, बाकीची सात दारं चालूच. त्यातही मुक्याला नंतर बाजूला घेऊन वेगळं बसवायची सोय केली, म्हणजे त्याचं दारही मोकळं व्हावं. बटण दाबलं. चहाचा पहिला घोट गिळायच्या आत पडद्यावर आकडे आले. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि मी बाई आहे हे आठवून ती मुकादमाच्या पाठीवर मारली.

तेवढ्यात अण्णा पडद्याशी आले आणि "माल गेला!" म्हणून ओरडले. एक नंबरच्या खोलीत तापमान बेचाळीस. तिथे सगळ्यात भारी माल होता.

मामा धावले. दार उघडून पाहतात तर आत दात वाजतील अशी थंडी. परत आले आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले. मी डोक्याला हात लावला. झालं होतं असं की जो आधी बोलला त्याचं उत्तर मी पहिल्या खोलीच्या नावावर लिहिलं, जो नंतर बोलला त्याचं दुसरीच्या. रांगेत वाढलेलं माझं डोकं. सगळ्यांत आधी बोलला होता तो कॉम्प्रेसरच्या गरम खोलीतला सेन्सर, आणि तो मानाने एक नंबरवर जाऊन बसला होता. आठ दारं केली, पण कोण कुठून आलं हे विचारायचं राहून गेलं.

"कोकराला आईचा वास ठावा असतो," मामा म्हणाले. "तुमच्या कोकरांस्नी नावं द्या." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की वाघरीचं उट्टं पुरेपूर फिटलं होतं. मी निमूटपणे प्रत्येक उत्तराला त्याच्या खोलीचं आणि सेन्सरचं नाव चिकटवलं. मामांच्या आग्रहाखातर आणखी एक केलं. न बोलणाऱ्या सेन्सरपुढे आधी लाल रंगात 'बंद' असं यायचं, तिथे पिवळ्या रंगात 'वाट बघतोय' असं लिहिलं. मला ते ऑफिसच्या पडद्यावर शोभेना. मामा म्हणाले, "शोभा ऱ्हाऊ द्या. खरं तेच लिवा."

तपासणीचा दिवस उजाडला. व्यापाऱ्याचा माणूस तरुण, कडक इस्त्रीचा, हसण्याचा विशेष सराव नसलेला. अण्णांनी सकाळपासून चार वेळा देवाला नमस्कार केला होता. मामा पांढरीशुभ्र टोपी घालून आले होते आणि शीतगृहाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांनी खरोखरच अण्णांच्या टेबलावर आणून ठेवला होता. मस्करीत सगळं चाललं होतं, पण हा माणूस संध्याकाळी त्या किल्ल्यांशिवाय जाऊ शकतो, हे तेव्हा कुठे मला नीट कळलं.

मी बटण दाबलं. पडद्यावर एकेक खोली हिरवी होऊ लागली, वरची, खालची, मधली, जिला जेव्हा बोलायचं तेव्हा. दिवाळीच्या पहाटे गल्लीत घराघरापुढे पणत्या लागाव्यात तसं झालं. मिनिट व्हायच्या आत सगळा पडदा हिरवा. फक्त मागच्या खोलीतला एक सेन्सर पिवळा, 'वाट बघतोय'.

त्या माणसाने बरोबर त्यावर बोट ठेवलं. "हा फेल आहे?"

"फेल न्हाई," मामा म्हणाले. "त्यो सावकाश बोलतो. त्याच्यापायी कुनाचं आडत न्हाई. तुमी दुसरी परीक्षा घ्या."

त्या माणसाने कुणाला न सांगता जाऊन एका खोलीचं दार उघडं टाकलं आणि परत येऊन घड्याळ लावून बसला. मी पुन्हा बटण दाबायचीही गरज नव्हती, आता हजेरी आपोआप सुरू होती. पुढच्याच फेरीला ती खोली लाल झाली, भोंगा वाजला आणि या वेळी हमाल गेटकडे न पळता बरोबर त्या दाराकडे पळाले. दार धाडकन लागलं. त्या माणसाच्या ओठाचा एक कोपरा हलला. आम्ही ते हसू समजलो. आणि तेवढ्यात तो मागचा पिवळा ठिपका बोलला. हिरवा झाला. मुकादमाने शिट्टी मारली, सुमनताईंनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. माझ्या आयुष्यात कशालाही इतक्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

माल पसंत पडला. व्यवस्था पसंत पडली. अण्णांनी दुसरी पाळी रद्द केल्याचं तिथल्या तिथे सांगितलं, किल्ल्या मामांच्या हातात परत दिल्या आणि म्हणाले, "आज सत्कार. शाल आणा, नारळ आणा, पेढे आणा." धावपळ उडाली. खुर्च्या मांडल्या गेल्या. अण्णा भाषणाला उभे राहिले. पुकळेमामांनी या संस्थेसाठी काय काय केलं, हे त्यांनी इतकं मनापासून सांगितलं की मध्येच त्यांना नॅपकिन काढावा लागला. "तर मी मामांना विनंती करतो," ते म्हणाले आणि शाल उलगडून वळले. मामांची खुर्ची रिकामी होती. गेटबाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. साडेपाच वाजले होते.

अण्णा शाल हातात घेऊन तसेच उभे. शेवटी ठरलं की मॅडमनी घरी नेऊन द्यावी. सुमनताई माझ्या कानाशी लागल्या, "नीट बघून या, हां."

मिरजेच्या वाटेला एका चाळीतल्या दोन खोल्यांत मामा राहतात. दार उघडंच होतं. मी हाक मारणार, तेवढ्यात आत बघितलं आणि थांबले. खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, तोंडाची एक बाजू किंचित उतरलेली. मामा समोर पाटावर बसले होते आणि वाटीतला मऊ भात चमच्याने भरवत होते. एका वेळी एक घास. तो गिळून होईपर्यंत चमचा हवेत तसाच धरलेला. आणि मामा गप्प होते. या माणसाला मी गप्प कधीच पाहिलं नव्हतं.

"या मॅडम," ते हळू म्हणाले. "ही मालकीण. दोन वर्सं झाली, अर्ध्या अंगावरनं वारं गेलं. दिसभर शेजारची बाई बगती, सांजच्याला ती जाती."

मी शाल, नारळ आणि पेढे ठेवले. मामांनी आतून चहा आणून दिला. "कशा आहात?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. काहीतरी सांगायचं होतं, पण आवाज येईना. क्षण गेला, दोन गेले. मला ती शांतता सोसवेना. त्यांना त्रास नको म्हणून मीच म्हणाले, "बऱ्या आहात ना?" मामांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. थांबा.

आम्ही थांबलो. मामांनी मला दिलेल्या चहावर साय धरली. बाहेर कुणाच्या तरी गाडीने वळण घेतलं, मुलं ओरडत गेली. मामा पुढे वाकून बायकोच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती.

"डाक्टर म्हनले, तिचं तिला बोलू द्या," ते म्हणाले. "आपुन शब्द फुडं केला का ती सोडून देती. आन् ती संध्याकाळचीच बोलती, दिसभर न्हाई. म्हनून मी बाकीच्या जगाचं झटक्यात उरकतो."

मग शब्द आले. एकेक करून, मध्ये लांब अंतर ठेवून.

"ह्ये... तितं... बोलत्यात... का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. रोज संध्याकाळी तिच्यासाठी गप्प बसणारा हा माणूस बाहेरही असाच गप्प झाला की काय, याची त्या बाईला काळजी लागली होती. दोन वर्षं लागली असेल. विचारणार कुणाला?

"बोलतात का?" मी म्हणाले. "अहो मामी, त्यांच्या आवाजापुढे आमचं कुणाचं ऐकूच येत नाही. मशीनसुद्धा लाजते."

मामी हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण ते हसू लगेच आलं, त्याची वाट बघावी लागली नाही. मामा चहा पुन्हा गरम करतो म्हणून माझा कप घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.